लष्करी रायफलच्या भागांवरील ठसे: साक्ष आणि मर्यादा

जुन्या लष्करी रायफलचा एखादा भाग मूळचा की मागाहून बसवलेला, हा प्रश्न संग्रहालयाच्या नोंदवहीत आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सारखाच उभा राहतो, आणि दोन्हीकडे त्याचे उत्तर पोलादावर उमटवलेल्या ठशांत शोधले जाते. मात्र ठसा दिसला की कारखाना कळला, ही घाईच पुष्कळ चुकीच्या नोंदींच्या मुळाशी आहे. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात भरलेल्या या परिषदेला हे फोड करून सांगावे लागणार नाही, कारण घरोघरच्या परातीवर घातलेले नाव आहेर करणाऱ्याचे असते, ती घडवणाऱ्या कारागिराचे नव्हे. रायफलवरही निर्माता, तपासनीस, मालक आणि दुरुस्ती करणारा असे चौघे आपापली खूण ठेवून जातात. या खुणा वेगळ्या करता आल्याशिवाय ‘मूळ’ हा शब्द नोंदीत येऊ नये.

भारतीय अभ्यासकाच्या हाती बहुधा येते ती ली-एनफिल्ड रायफल, आणि तिच्यातही पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेली. दस्ता ज्या पोलादी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली ‘जीआरआय’ ही राजाच्या सम्राटपदाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना अशी मांडणी असते. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, तर १९६० च्या दशकात ७.६२ मिमी काडतुसासाठी बनवलेल्या ‘२ए१’ नमुन्यावर ‘आरएफआय’ ही कारखान्याची आद्याक्षरे दिसतात. रुंद फाळाचा बाण आणि त्यासोबत इंग्रजी ‘आय’ हे अक्षर ही मात्र मालकीची खूण आहे, आणि म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने घडवलेल्या रायफलवर ती आढळली, तर रायफल भारतात बनली असा अर्थ न घेता ती भारत सरकारच्या मालकीची झाली एवढाच घ्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाने हे वाचन आणखी अवघड केले. शत्रूला कारखान्यांचे ठिकाण कळू नये म्हणून ब्रिटनमध्ये नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरले गेले, त्यांत बीएसएच्या शर्ली येथील कारखान्याला ‘एम४७सी’, तर शिलाई यंत्रांमुळे आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या सिंगर कंपनीच्या ब्रिटनमधील कारखान्याला ‘एन६७’ हा संकेत मिळाला. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने बनवलेल्या भागांवर चौकटीतला ‘एस’ असतो. एकाच रायफलवर असे दोन-तीन संकेत सापडले तर लगेच भेसळीचा संशय घेणे योग्य नव्हे, कारण सुटे भाग बाहेरून घेऊन जुळणी करण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती.

खरी परीक्षा बोल्टपाशी होते. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा, प्रत्येक रायफलला हाताने जुळवून बसवला जाई, आणि म्हणून त्याच्या मुठीच्या मुळाशी मागील बाजूस रायफलचाच अनुक्रमांक ठोकला जाई. दुरुस्तीत दुसरा बोल्ट बसवला की जुन्या आकड्यांवर आडवी रेघ मारून शेजारी नवा क्रमांक घातला जाई, आणि कारखान्यात संपूर्ण डागडुजी झाल्यास ‘एफटीआर’ ही अक्षरे वर्षासह उमटत. अशी खोडाखोड असलेली रायफल संग्राहकांच्या बाजारात कमी किमतीची ठरते, परंतु ती ज्या सेवेत झिजली त्या सेवेचा पुरावा हीच खोडाखोड आहे. उलट अनेक दशके वापरलेल्या शस्त्राचे सगळे आकडे एकाच हाताने, एकाच खोलीचे ठोकलेले दिसले, तर अभ्यासकाने भिंग हाती घ्यावे.

पोलिसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या वापरासाठी इशापूरने जुन्या .३०३ रायफलींची जी .४१० मस्केट केली, तिच्यात हा पेच टोकाला जातो. नळीतील पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा, काढून ती गुळगुळीत केली गेली, मॅगझिनच्या जागेत लाकडी ठोकळा बसवून एकेक काडतूस भरण्याची सोय ठेवली गेली, पण खोबणीवरचे जुने वर्ष तसेच राहिले. ते वर्ष पोलादाचे जन्मवर्ष आहे, मस्केटचे नाही.

याच भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तयार होणारे प्रणोदक, म्हणजे गोळीला पुढे लोटणारी दारू, जळून जाते आणि आपल्या कारखान्याचे नाव मागे ठेवत नाही. पितळी काडतुसाच्या बुडावर खडकीचा ‘केएफ’ आणि वर्ष मात्र उरते. जे उरते त्याची तरी हेळसांड होऊ नये, म्हणून प्रदर्शनापूर्वी गंज घासून, पॉलिश करून शस्त्र चकचकीत करण्याची प्रथा बंद व्हावी, असे या अध्यक्षपीठाचे स्पष्ट मत आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ ने शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखखूण खोडण्यास आणि बदलण्यास मनाई केलेली आहेच. प्रत्येक भागाचे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, रेघ मारलेला जुना क्रमांक आणि नवा क्रमांक स्वतंत्र रकान्यांत लिहावेत, आणि न लागणाऱ्या अक्षराची जागा अंदाजाने न भरता रिकामी सोडावी.