शिखर दोन हात कमी का?

(देवळाच्या जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मारुतीरायाचे देऊळ नवे झाले. कलश चढला. दर्शन घेऊन बाहेर येणाऱ्या पुष्कळ देणगीदारांनी मात्र एकच प्रश्न विचारला : छापील पत्रकातल्या चित्रात शिखर जेवढे उंच होते तेवढे प्रत्यक्षात का नाही? पैसा कमी पडला काय? प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसा दिला त्याने विचारावे आणि समितीने सांगावे. पैसा कमी पडला नाही, तो भिंतीत गेला. का गेला हे समजण्यासाठी झरी जामणीपासून पुष्कळ दूर, थेट किल्लारीच्या मुलखात जावे लागते.

या कामाचा मुख्य गवंडी त्या मुलखातला, आजच्या लोहारा तालुक्यातला. माणूस अबोल. सहा महिने गावात राहिला, पण पहिले चार महिने त्याने स्वतःविषयी कोणाला काही सांगितले नाही. पुढे एकदा देवळाच्या ओट्यावर रात्री बसला असता त्याने जे सांगितले ते असे.

१९९३ साली तो सतरा वर्षांचा होता. २९ सप्टेंबरला गणपती वाजतगाजत विसर्जनाला गेले. गाव दमूनभागून उशिरा झोपले. हा मुलगा लेझीम आटोपून शेतात गेला, कारण काढलेला उडीद खळ्यावर पडला होता आणि राखणीची पाळी त्याची होती. कडब्याने शाकारलेल्या कोपीत तो झोपला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमिनीखालून मालमोटारींची रांग जावी तसा गडगडाट झाला आणि तो अंथरुणासकट बाजूला फेकला गेला. बैलांनी दावी तोडली. कोपी त्याच्या अंगावर पडली, ती त्याने हाताने सारून दिली. गावाच्या दिशेला पाहिले तर गाव नव्हते, धुरळा होता.

तो धावत गेला, पण त्याला स्वतःचे घर सापडेना. गल्लीच उरली नव्हती, तेव्हा घर कोणत्या खुणेने ओळखावे? शेवटी अंगणातला लिंब दिसला, त्यावरून जागा कळली. लोक हातांनी उकरत होते. टिकाव-फावडी घरांतच गाडली गेली होती. दुपारी बाप जिवंत निघाला. संध्याकाळी आई निघाली, धाकटा भाऊ तिच्या कुशीत होता. पुढे पाऊस सुरू झाला. एवढ्या चितांना लाकूड कोठून आणणार? पडलेल्या घरांच्या तुळया काढून त्यांच्यावरच माणसे जाळली.

त्या पहाटेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे नेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

इतकी माणसे का गेली, याचे उत्तर गवंड्याने फार साधे दिले. तिकडची जुनी घरे माळवदाची. भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद, पाहणाऱ्याला वाटावे गढीच आहे. पण आतून एक दगडी पापुद्रा, बाहेरून दुसरा, आणि मध्ये माती व गोटे भरलेले. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा लांब दगड कुठेच नाही. वर लाकडी खण, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यात गळू लागले की आणखी माती टाकायची. आजाने टाकली, बापाने टाकली. हात-दीड हात जाडीचा तो थर उन्हाळ्यात गारवा देई, म्हणून घरधन्याला त्याचा अभिमानही असे. जमीन हलली तेव्हा भिंतींचे दोन्ही पापुद्रे सुटले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. पुष्कळ जण दगडाने नव्हे, मातीने गुदमरून गेले.

त्याच वर्षी मृगाआधी त्यांचे माळवद गळत होते. चार गाड्या माती आणून वर चढविली होती. घमेली याच मुलाने वाहिली होती. गवंड्याने एवढे सांगितले आणि बिडी पेटविली. ऐकणाऱ्यांपैकी कोणी काही बोलले नाही.

ज्यांना धड घरच नव्हते, म्हणजे कुडाच्या किंवा पत्र्याच्या झोपडीत जी माणसे राहत होती, त्यांतली पुष्कळ वाचली. कुडाची भिंत हलते, वाकते, पडली तरी जीव घेत नाही. हा गवंडी झरीच्या भागात आला तेव्हा कोलामांच्या पोडावरची तुराट्या-बांबूंची, शेणामातीने लिंपलेली घरे पाहून म्हणाला, ‘भूकंपात या घरात निजावं.’ वाळवी, पाऊस आणि आग यांपुढे कुड टिकत नाही हे खरे. कोणी पक्के घर बांधू नये असा याचा अर्थ नव्हे. पक्के घर पक्केच बांधावे, एवढाच अर्थ.

गवंडीकाम तो शिकला तेही भूकंपानंतरच, गावे पुन्हा बांधली जात असताना. घरे कशी बांधावी आणि पडायला झालेली कशी सावरावी याचे शिक्षण तेव्हा पुष्कळ गवंड्यांना मिळाले. त्यांतला तो एक.

आता देवळाची गोष्ट. जुन्या गाभाऱ्याच्या भिंती ठेवाव्यात, त्यावर स्लॅब टाकावा आणि शिवेवरून दिसेल असे शिखर उठवावे, असा समितीचा विचार होता. गवंड्याने भिंतीवर हातोडीने ठोकून पाहिले, एक दगड उचकटला, तर आतून ओंजळभर माती आणि चिपा गळाल्या. तो म्हणाला, ‘एवढं वझं म्या यावर ठेवणार न्हाई.’ यावरून मोठा वाद झाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘मिस्त्री, आपल्या इकडं कुठं भूकंप येते बाप्पा?’ काम दोन आठवडे बंद पडले. दुसरा गवंडी आणावा असेही बोलणे निघाले.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नव्हते. पण किल्लारीचे लोकही हेच म्हणत होते, आणि त्या काळच्या भूकंपाच्या नकाशातही तो मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वास्तविक १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे लहान धक्क्यांची रांगच लागली होती. लोक काही दिवस बाहेर निजले. मग धक्के थांबले, भीती ओसरली आणि माणसे पुन्हा माळवदाखाली गेली. त्यांना दोष कसा द्यावा? माणूस किती दिवस अंगणात निजेल?

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरले, तेही पहाटेच. पैनगंगेपलीकडचा मुलूखही अगदी निश्चल नाही. वणी-मुकुटबनच्या बाजूला जो दगडी कोळसा निघतो तो वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या प्राचीन खचलेल्या खोऱ्यातला. त्याच खोऱ्यात खाली भद्राचलमजवळ १९६९ च्या एप्रिलमध्ये मोठा धक्का बसला होता. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातील मुलुगूकडे झालेला भूकंप गडचिरोली-चंद्रपूरला जाणवला. त्याच वर्षी मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्हाही हलला होता. येथे भूकंप होईल असे कोणी म्हणत नाही. होणार नाही असे लिहून देणाराही कोणी भेटला नाही, आणि देवळाच्या सभामंडपात तर लग्नकार्याला पाऊस आला की चारशे माणसे उभी राहतात.

अखेर समितीने गवंड्याचे ऐकले. जुन्या भिंती उतरवून सिमेंटमध्ये पुन्हा रचल्या. दर दोन-अडीच हातांवर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड घातला. जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली सळ्यांचा काँक्रीट पट्टा सलग फिरविला, म्हणजे पाटीला जसा कड तसा भिंतींना बंद. कोपऱ्यांत उभ्या सळ्या सोडल्या. शिखर आतून पोकळ आणि दोन हातांनी कमी केले. यातले बहुतेक काम गिलाव्याखाली गेले, म्हणून देणगीदारांना दिसत नाही. उत्तरेच्या भिंतीत हातभर जागा मुद्दाम गिलावा न करता ठेवली आहे. तेथे आरपार दगडाचे तोंड दिसते. ज्यांना आपला पैसा पाहायचा असेल त्यांनी तेथे पाहावा. गच्चीवर पुढे कधीही मातीचा किंवा विटांचा थर टाकायचा नाही, गळले तर भेग बुजवायची, असा ठरावही समितीच्या वहीत लिहून ठेवला आहे.

ज्या वडीलधाऱ्यांनी वाद घातला होता त्यांनीच शेवटी पट्ट्याच्या सळ्यांचा निम्मा खर्च उचलला. गवंडी कलशारोहणाच्या आदल्या दिवशी हिशेब करून गावी परतला, थांबा म्हटले तरी थांबला नाही. जाताना मजुरीतून १०१ रुपये देणगी दिली आणि पावती आईच्या नावाने करावयास सांगितले. या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत ते नाव इतर नावांबरोबरच छापले आहे.