पंचगंगा आणि पाच पडताळण्या : लहान कंपनीचे आयकर विवरण तपासताना

(पंचगंगा घाट, वाराणसी येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पा येतात त्याच दिवसांत कंपन्यांच्या हिशेबांची धांदल चालू असते. ऑडिट लागू असेल तर त्याचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्यामुळे विषय रुक्ष असला तरी वेळेवरचा आहे. ३१ मार्च २०२६ला संपलेल्या वर्षापर्यंत १९६१चाच कायदा लागू. त्यापुढच्या वर्षांसाठी २०२५चा नवा. मी सांगतो ती कलमे जुन्या कायद्याची आहेत.

घरचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड केला की पहिली चूक समजुतीत होते. धंदा लहान म्हणून आयकरात कंपनीला वेगळी वाट नाही. साडीचे दुकान असो की अतिथिगृह, फॉर्म आयटीआर-६च. ढोबळ टक्केवारीने नफा दाखवण्याची कलम ४४एडीची सोय व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि भागीदारी संस्था यांना आहे, कंपनीला नाही. करमुक्त मर्यादाही नाही. पहिल्या रुपयापासून कर. वर्षभर काहीच व्यवहार झाला नाही, तरी विवरण भरावेच लागते.

आता तपासणीकडे वळू. संगणक बेरीज चुकत नाही. चूक होते ती त्यात काय भरले यात. म्हणून फॉर्ममधले आकडे फॉर्ममध्येच ताडून उपयोग नाही. आधी बाहेरचा कागद पाहावा, मग फॉर्म. आपल्या या घाटावर किरणा, धूतपापा, गंगा, यमुना आणि सरस्वती अशा पाच नद्यांचा संगम मानतात, पण डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. विवरणातही शेवटी दिसतो तो करपात्र उत्पन्नाचा एकच आकडा. त्याला येऊन मिळणारे पाच प्रवाह आपल्याला शोधावे लागतात.

पहिला, मागच्या वर्षाचे विवरण. घसाऱ्यासाठीची सुरुवातीची शिल्लक आणि पुढे ओढलेला तोटा तिथूनच उचलावा, आठवणीतून किंवा ताळेबंदातून नव्हे.

दुसरा, नफा-तोटा पत्रक. कंपनी कायद्याचा घसारा आणि आयकराचा घसारा वेगळे. एक मिळवायचा, दुसरा वजा करायचा. आयकराची तरतूद खर्चात धरलेली असते, तीही परत मिळवायची. जनरेटर सप्टेंबरात घेतला, पण १० ऑक्टोबरला चालू केला, तर त्या वर्षी १८० दिवस भरत नाहीत आणि घसारा निम्माच मिळतो. बिलाची तारीख नव्हे, वापराची तारीख विचारावी.

तिसरा, २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. बँकेने ५०,००० रुपये व्याजातून ५,००० कापून ४५,००० जमा केले, आणि पुस्तकात ४५,०००च उत्पन्न लिहिले गेले. वर त्या ५,००० चे श्रेयही मागितले. नोटीस येणारच.

चौथा, जीएसटीची विवरणे. विक्रीचे आकडे जुळलेच पाहिजेत असे नाही, पण फरक का पडला ते सांगता आले पाहिजे. जुने यंत्र विकले तर जीएसटीत ती विक्री दिसते. आयकरात ती रक्कम त्या गटाच्या घसारा-शिल्लकीतून वजा होते. असे फरक एका कागदावर लिहून फायलीत लावावेत.

पाचवा, देणी-घेणी. काशीत हा प्रवाह सर्वांत खोल. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु विणकराकडून कंपनीने साड्या घेतल्या, तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. मुदत चुकली आणि पैसे ३१ मार्चनंतर दिले, तर कलम ४३बी(एच) प्रमाणे तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. ज्या वर्षी दिले त्या वर्षी मिळतो. केवळ व्यापार करणाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी त्याला हे लागू नाही. म्हणून देणेकऱ्यांची यादी घेताना समोरचा विणकर की व्यापारी, हे विचारलेच पाहिजे. त्याच यादीत संचालकाने कंपनीतून उचललेली रक्कमही सापडते. १० टक्के वा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला दिलेले कर्ज कलम २(२२)(ई) खाली लाभांश ठरू शकते. घरची कंपनी म्हणजे घरची तिजोरी नव्हे.

यानंतर निवडीचा प्रश्न. कलम ११५बीएए घेतले तर अधिभार व उपकर धरून दर २५.१६८ टक्के. पण विवरणात नुसती खूण करून भागत नाही. फॉर्म १०-आयसी वेगळा आणि मुदतीत भरावा लागतो. २०२०-२१ या कर-निर्धारण वर्षी अनेक कंपन्यांनी खूण केली आणि फॉर्म राहिला. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढून तो भरायला ३० जून २०२२ पर्यंत सवलत द्यावी लागली. पुढच्या वर्षासाठी २०२३ मध्ये पुन्हा तेच. दर वेळी अशी कृपा होईल असे धरून चालू नये.

शेवटी तारीख. अतिथिगृहाच्या कंपनीला ६ लाखांचा व्यावसायिक तोटा झाला आणि विवरण १ नोव्हेंबरला गेले, तर तो तोटा पुढे नेता येत नाही. २६ टक्क्यांनी हिशेब केला, तर पुढच्या वर्षांत वाचणारे १,५६,००० रुपये एका दिवसात गेले. कंपनीचे विवरण डिजिटल सहीनेच पडताळावे लागते. त्या सहीची मुदत संपल्याचे अखेरच्या संध्याकाळी कळू नये, म्हणून ती सप्टेंबरातच पाहून ठेवावी.

व्यवसायबंधूंना एकच विनंती. ज्याने विवरण तयार केले, त्यानेच ते तपासू नये. कार्यालयात एकटेच असाल, तर एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी कागदांपासून सुरुवात करा. आणि संचालक मंडळींनो, सही करण्यापूर्वी "हे पाचही जुळले का?" एवढे जरूर विचारा. कर भरणारे तुम्ही, सही तुमची, आणि नोटीसही तुमच्याच कंपनीच्या नावाने येते.

 गणपती बाप्पा मोरया!