पांढऱ्या उंदराची देणगी



उंदीर म्हटला की आपल्याला कणगीतली कुरतडलेली ज्वारी आठवते. आज प्रयोगशाळेतल्या उंदराची हकीकत सांगतो. तिचा संबंध आपल्या वैरागच्या गल्लीत फिरणाऱ्या कुत्र्यांशी आहे.

पिसाळलेला कुत्रा चावला की आपण रेबीजची लस टोचून घेतो. परंतु लसीने शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून जखडणारी द्रव्ये, तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूंत शिरला तर? रोगाची लक्षणे एकदा दिसली, की उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून रक्त निघालेल्या जखमेत तयार प्रतिपिंडेही टोचतात. ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढण्याची रीत जुनी. घोड्याची काहींना सोसत नाहीत; माणसाची महाग आणि दुर्मीळ.

येथे उंदीर उपयोगी पडला. जंतूचा निरुपद्रवी अंश टोचला की त्याच्या प्लीहेत प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी वाढतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, पण बाहेर काढली की लवकरच मरते. कर्करोगाची पेशी मात्र मरायचे नाव घेत नाही! १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी या दोहोंचा संयोग घडवला. एकीचा गुण, दुसरीचे आयुष्य. अशा एका संकरित पेशीची सारी प्रजा तेच एक प्रतिपिंड अखंड बनवीत राहते. १९८४ साली दोघांना, नील्स येर्न यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्वी या पेशी उंदराच्याच पोटात वाढवून तेथे साचलेले पाणी काढून घेत. मुक्या जिवाला यातना फार होत. आता बहुधा काचेच्या वा पोलादी पात्रांत वाढवतात, हे बरे झाले.

उंदराचे प्रतिपिंड माणसाच्या शरीराला परके वाटते, म्हणून मानवी जनुके घातलेले उंदीर तयार करण्यात आले. अशाच उंदरांपासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेने रेबीजविरोधी प्रतिपिंड मिळवले. त्या संस्थेच्या सहकार्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याचे औषध केले आणि २०१७ साली बाजारात आणले. मानवी रक्तातील औषध वजनाच्या दर किलोला २० एकके लागते, याची ३.३३ पुरतात.

तेव्हा पालकहो, मुलाला कुत्रा चावला तर जखमेत तिखट वा चुना भरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त निघाले असेल, तर लसीबरोबर जखमेत टोचायच्या औषधाचेही डॉक्टरांना विचारा.