तिच्या श्वासाच्या चालीने



आजचं बोलणं मुख्यतः नवरेमंडळींसाठी आहे. बायको शेजारी बसून ऐकत असेल तर फारच चांगलं.

पन्नाशी-साठीच्या बाईला बरेच महिने धाप लागत असते. जिन्यात मध्येच थांबावं लागतं, सकाळी उठल्याबरोबर खोकला येतो, बेडका पडतो. घरातले म्हणतात, वय झालं, अंगात रक्त नाही. मग कधीतरी डॉक्टर एका नळीत जोर लावून फुंकायला सांगतात, श्वास संपेपर्यंत, निदान सहा सेकंद. ही स्पायरोमेट्री. तिच्यावरून कळतं की हा सीओपीडी आहे, श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत. डॉक्टर सांगतात, आजार मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी आणि व्यायामाने आटोक्यात ठेवता येईल. घरी येईपर्यंत त्यातलं ‘जाणार नाही’ एवढंच दोघांच्या लक्षात राहतं.

आणि मग प्रश्न येतो, हिने तर कधी बिडीला हात लावला नाही, मग हिला कसा? २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावर लिहिलं. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे त्याचं मोठं कारण चूल. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या यांच्या धुरात जिने लहानपणापासून भाकरी थापली, तिच्या छातीत तो धूर वर्षानुवर्षं जात राहिला. ती भाकरी आपण खाल्ली आहे. म्हणून तिच्या आजारपणात तुम्ही जे कराल त्याला उपकार म्हणू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी घरातला धूर काढा. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, अशी घरं कितीतरी आहेत. त्या चुलीपुढे तिने बसायचं नाही, आणि चूल घराबाहेर हलवता येत असेल तर आजच हलवा. डासांसाठी लावतो त्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक धूलिकण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी लावा. दिवाळीत नातवंडांना नागगोळी निरुपद्रवी वाटते, कारण ती वाजत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण तिच्यातूनच निघाले. आणि तुम्ही स्वतः ओढत असाल, तर अंगणात जाऊन ओढणं हा उपाय नव्हे. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिच्यासाठी करता येण्याजोगं याहून मोठं काम तुमच्याकडे क्वचितच असेल.

आता धाप का लागते, ते समजून घेऊ. या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो, आणि छाती लोहाराच्या फुगून अडकलेल्या भात्यासारखी ताठ राहते. हात खांद्यांच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे मान-खांद्यांचे स्नायू त्या हातांच्या कामाला लागतात. म्हणून केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, फळीवरचा डबा काढताना तिला दम लागतो. वाकून केर काढतानाही तसंच. यात आळस नाही, मनाचा कमकुवतपणा नाही. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. दोरी खाली बांधा. न्हाणीघरात स्टूल ठेवा.

पण इथे बरीच प्रेमळ माणसं गफलत करतात. काळजीपोटी ती म्हणतात, “तू बस, काही करू नकोस.” बसून राहिलं की पायांचे स्नायू वाळतात, आणि वाळलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो. महिन्या-दोन महिन्यांत ती अंगणापर्यंतही जाईनाशी होते. फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचा म्हणून जो व्यायाम असतो, त्याचा गाभा चालणं हाच आहे, आणि त्याने धाप कमी होते हे नीट सिद्ध झालेलं आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारून रोज तिच्याबरोबर चाला. आपल्याकडे नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशी चालायची रीत आहे. ती मोडा. बरोबरीने चाला, तिच्या चालीने. चालताना तिला थोडी धाप लागली तरी चालेल, पण एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. थांबावंसं वाटलं तर कारण विचारू नका, तुम्हीही थांबा. नाकाने दोन अंक मोजत श्वास आत, मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत बाहेर. हे तुम्हीही शिका, म्हणजे तिला धाप लागेल तेव्हा तिच्यासमोर बसून बरोबर करता येईल. त्या वेळी भोवती गर्दी नको. किंचित पुढे झुकवून बसवा, कोपरं मांडीवर टेकू द्या, चेहऱ्यावर हातपंख्याने वारा घाला. चेहऱ्याला लागणाऱ्या वाऱ्याने धाप खरोखरच कमी जाणवते.

श्वासातून औषध घ्यायच्या पंपाबद्दल दोन शब्द. ‘पंपाची सवय लागते’ हे आपल्याकडे घराघरांत म्हणतात, आणि त्यापायी बायका तो लपवून ठेवतात किंवा बरं वाटलं की बंद करतात. हा गैरसमज आहे. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून ते अगदी थोड्या मात्रेत पुरतं. फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, कॅप्सूलमधली पूड असेल तर झटक्याने आणि जोरात, आणि दोन्हींत नंतर साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा. पंपात स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. चुकीच्या पद्धतीने घेतलं तर बरंचसं औषध घशातच राहतं. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे तिला घेऊन दाखवायला सांगा, आणि तुम्ही नीट बघा.

डॉक्टरांकडे गेल्यावर आणखी एक. धाप लागणारा माणूस तुटक बोलतो, दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन. आपण मदत म्हणून तिचं वाक्य पुरं करून टाकतो, आणि हळूहळू ती बोलणंच सोडते. तिला वेळ द्या. रात्री कितीदा उठावं लागतं हे तिला ठाऊक आहे, तुम्हाला नाही.

बेडका पिवळा-हिरवा झाला, वाढला, किंवा नेहमीपेक्षा दम जास्त लागू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ निळसर पडले, ती गुंगीत गेली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर १०८ ला फोन करा. घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलेलं असेल तर त्याचा काटा आपल्या मनाने वाढवू नका. या आजारात जास्तीच्या ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आणि त्या खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, काडेपेटी, बिडी, काहीही पेटतं नको.

शेवटी एक अवघड बोलणं उरतं. पुढे कधी आजार फार बळावला, तर व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, कुठवर उपचार करायचे, हे तिलाच विचारा. रुग्णालयाच्या दारात, मध्यरात्री, मुलं रडत असताना ते विचारता येत नाही. तिला बरं वाटत असेल अशा एखाद्या निवांत दुपारी विचारा. लगेच उत्तर मिळालं नाही तर पुन्हा काही दिवसांनी विषय काढा, आणि ती जे सांगेल ते मुलांनाही सांगून ठेवा.