नोंद आणि निष्ठा

(उल्हासनगर कॅम्प ४ येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



पूर्वी धंद्याचे ज्ञान रोजमेळात व खतावणीत असे; आता ते संगणकात असते. विक्री, शिल्लक, येणे-देणे यांचे आकडे एकत्र करून त्यांवरून पुढील निर्णय घेण्याच्या पद्धतीस ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे भारदस्त नाव आहे. यंत्र विकत घेतले की ही पद्धत आपोआप फळास येते, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता.

माझ्या शिलाईच्या कारखान्यात संगणक आला. एकदा त्यात कापडाचे चाळीस तागे शिल्लक दिसले, म्हणून मी मोठे काम अंगावर घेतले. गोदामात निघाले बावीस! नोंदी ठेवणाऱ्या मुलास ही तफावत महिनाभर ठाऊक होती. ‘‘बोलला का नाहीस?’’ असे विचारता तो म्हणाला, ‘‘मागं एकदा सांगितलं होतं, शेठ. तेव्हा तूट माझ्याच पगारातून कापलीत.’’ मी निरुत्तर झालो.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला. डबा कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हे सारे झाकणावरील रंग, अंक व अक्षरे सांगतात. २०२० च्या साथीपूर्वी सुमारे ५००० डबेवाले या खुणांवर काम करीत. त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण बेताचेच. तरी २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्या व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. या यशाचे मर्म केवळ खुणेत नाही. डबेवाला हा पगारी नोकर नसून आपल्या गटाच्या मिळकतीतील भागीदार असतो. डबा चुकला तर गिऱ्हाईक त्याचेच तुटते.

बंधुहो, यंत्रास आकडा माणूसच देतो. खरे सांगणाऱ्यास दंड झाला की खोटी शिल्लक साचू लागते. म्हणून नोकरास आकड्यांचा अर्थ समजावून द्या, त्याचा सल्ला घ्या आणि नफ्यातून त्याला काही वाटा द्या. आपल्यातील जे तरुण नोकरीत आहेत, त्यांनीही धन्याची भीड न धरता खरी नोंद करावी. निष्ठा ती हीच.

त्या मुलाची कापलेली रक्कम मी परत केली. आता दर शनिवारी आम्ही दोघे मिळून तागे मोजतो आणि मगच संगणक उघडतो.