छायेची साक्ष



मेंदूत गाठ आहे असे निदान झाले की रुग्णाच्या आप्तेष्टांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: आता किती दिवस? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वैद्यकशास्त्राची रीत अलीकडे कशी पालटली, ते आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

मेंदूतील मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींसारख्या पेशींची जी गाठ बनते, तिला ग्लायोमा म्हणतात. बेली आणि कुशिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२६ साली सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपावरून या गाठींची वर्गवारी केली. पुढे अनेक दशके हीच दृष्टी प्रमाण मानली गेली. परंतु रूपाने सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक वर्षभरात घात करी, तर दुसरी कित्येक वर्षे सबुरीने वागे. हे कोडे रूपावरून उलगडत नव्हते.

२००८ साली त्याचा एक धागा हाती आला. आयडीएच-१ हे पेशीतील इंधनाच्या व्यवहारात भाग घेणारे प्रथिन. काही गाठींत त्याच्या साखळीतील १३२ वा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा फरकाने ते प्रथिन २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचे भलतेच द्रव्य प्रमाणाबाहेर निर्माण करू लागते. गंमत अशी की, हा बदल असलेली गाठ तुलनेने मंद चालीची असते. तेव्हा ग्लायोब्लास्टोमा म्हणून गणल्या जाणाऱ्या गाठींच्या २००९ मधील एका अभ्यासात, बदल असलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१ महिने आणि नसलेल्यांचे १५ महिने आढळले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा लक्षणांना वर्गवारीतच स्थान दिले.

हे प्रथिन ओळखण्यास गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. मग कवटी न उघडता काही कळेल काय? एमआरआय यंत्राला प्रथिन दिसत नाही. पण त्याच्या करणीचे माग दिसतात. चुंबकीय वर्णपटाच्या साहाय्याने ते भलते द्रव्य जिवंत मेंदूत मोजता येते, हे २०१२ साली सिद्ध झाले. शिवाय एका प्रकारच्या चित्रात सर्वत्र उजळ दिसणारी गाठ दुसऱ्या प्रकारच्या चित्रात मध्ये काळवंडलेली आणि केवळ कडेला उजळ दिसली, तर ती बदललेल्या प्रथिनाची असल्याचा बळकट संभव असतो. मात्र ही खूण न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. तो बदल असलेल्या पुष्कळ गाठींत ती नसतेच. म्हणून छाया ही सूचना, ऊती हीच साक्ष.

हा विवेक केवळ पंडितांचा नव्हे. या बदलावरच नेम धरणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला, शस्त्रक्रियेनंतर काही मंद गाठींसाठी, २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. गाठीचा स्वभाव अचूक ओळखणे म्हणजे आता उपचाराचे दारही ओळखणे होय.

आणि ते महिन्यांचे आकडे? मध्यम आयुर्मान ३१ महिने याचा अर्थ, निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. आकडा समूहाचा असतो. खाटेवरचा माणूस एकटा असतो. तेव्हा केवळ छाया पाहून कोणी मुदत सांगू लागल्यास, आप्तांनी नम्रपणे एवढेच विचारावे: ऊतीची तपासणी काय म्हणते?