बालकाचे वजन आणि मातेचा हक्क

(तेलगाव, जि. बीड येथे माता-पालकांसमोर केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कायदा शिकलेला एक वकील आहे. तरीही मूल का वाढत नाही, या प्रश्नावर मी आज बोलणार आहे. या प्रश्नात औषधाइतकाच हक्काचाही भाग आहे, आणि हक्क मागावयाचा तर पुरावा हाती असावा लागतो. तो पुरावा म्हणजे मुलाच्या वजनाची नोंद.

मूल सुकू लागले की कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि गंडादोरा बांधला जातो. कोणी म्हणते आईचेच दूध हलके, आणि सारा दोष सुनेच्या माथी बसतो. कारणाचा शोध मात्र कोणीच घेत नाही. शिकलेली परिचारिका आधी मोजते, मग विचारते आणि निर्णय शेवटी देते. न्यायाचीही रीत हीच होय.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. ते दोन आठवड्यांत भरून यावे. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवेळेच्या दुप्पट आणि वर्षाअखेर सुमारे तिप्पट होते. एका दिवसाच्या वजनाने काही सिद्ध होत नाही. कार्डावर दरमहा पुढे सरकणारी रेषा पाहावी. ती चढत असेल, तर लहान चणीचे मूलही निरोगी असू शकते. ती आडवी झाली वा खाली वळली, तर गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाचीही चौकशी झाली पाहिजे.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहिला, तर ते तीव्र कुपोषण होय. सुजेमुळे वजन फसवे दिसते, हेही ध्यानात ठेवा. असे मूल खात नसेल वा ग्लानीत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मग परिचारिका विचारते: बाळ दिवसरात्रीत किती वेळा पिते? सहा महिने पुरे झाल्यावर वरणात कुस्करलेली भाकरी, खिचडी, अंडे सुरू केले काय? भरवते कोण? जुलाब, खोकला, ताप आहे काय? घरात क्षयाचा रोगी आहे काय? आई स्वतः काय खाते, कामावर केव्हा जाते? या प्रश्नांना संकोच न करता खरी उत्तरे द्या. ती उलटतपासणी नव्हे.

शेवटचा प्रश्न आपल्या भागाला विशेष लागू आहे. तेलगावला साखर कारखाना आहे. तरी या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पहाटेच आई फडात जाते, तान्हे बांधावर वा कोपीत राहते, पाजण्याची वेळ टळते. अंगणवाडी गावी राहते आणि कार्ड पेटीत. पाच-सहा महिन्यांची रेषा कोरी राहते, आणि नुकसान झाले केव्हा हे कोणास सांगता येत नाही. यात त्या आईचा अपराध कोणता?

मातेच्या विश्रांतीचा भार एकट्या तिच्यावर टाकू नये, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. 1975 साली अंगणवाडीची योजना सुरू झाली. 13 डिसेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीस अंगणवाडी देण्याचा आदेश देऊन दलित व आदिवासी वस्त्यांना अग्रक्रम दिला. सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेली वस्ती ती मागू शकते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकास अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क झाला. कुपोषित बालक ओळखून त्याला आहार देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कायदा कागदावर असून भागत नाही, तो मागावा लागतो.

म्हणून एवढे करा. दरमहा वजन करून घ्या. काट्याचा आकडा स्वतः पाहा आणि कार्डावर लिहून घ्या. कोयता नेता तसे कार्डही बरोबर न्या आणि पडाव असेल तेथील अंगणवाडीत ते दाखवा. आहार नाकारला गेल्यास तोंडी भांडू नका; कार्डाची प्रत जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तेथे दाद न लागल्यास राज्य अन्न आयोगाकडे जा. तुमचे तान्हे बोलू शकत नाही. त्याची साक्ष त्या कार्डावरची रेषा देते; ती कोरी ठेवू नका.